निरोप घेऊन आलेला परका

अठरा वर्षे पूर्ण झालेला मुलगा घरच्यांसमोर एक पत्र उघडतो. त्यात एका शहराचे नाव असते. ते शहर त्याने निवडलेले नसते, पुष्कळदा त्याने ते नाव पूर्वी ऐकलेलेही नसते. पुढची दोन वर्षे त्याने तिथे काढायची असतात. मॉर्मन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ख्रिस्ती पंथातील हजारो तरुणांच्या आयुष्यात हा दिवस येतो. मुलींसाठीही वय आता अठरा, २०२५ पर्यंत ते एकोणीस होते, आणि मुदत दीड वर्ष. (२०१२ पूर्वी या वयाच्या अटी मुलग्यांसाठी एकोणीस आणि मुलींसाठी एकवीस अशा होत्या.) पांढरा सदरा, टाय, छातीवर काळी नावपट्टी, सोबत नेमून दिलेला जोडीदार. त्याच्याशिवाय एकट्याने कोठे जायचे नाही. घरी फोन वर्षातून दोनदाच, नाताळला आणि मातृदिनाला, असा दंडक कितीतरी वर्षे होता. २०१९ पासून आठवड्याला एकदा बोलण्याची मुभा मिळाली. खर्चाचा मोठा भाग स्वतः साठवलेल्या किंवा घरच्यांनी दिलेल्या पैशातून.

हा मुलगा परक्या शहरात उतरतो तेव्हा त्याला तिथली भाषा धड येत नाही. बसचा नंबर कळत नाही, पाणी बाधते, रात्री आईची आठवण येते. तरीही चार-दोन दिवसांतच त्याने अनोळखी दारावर थाप मारायची असते आणि दार उघडणाऱ्याला सांगायचे असते, तुमच्यासाठी माझ्याकडे एक निरोप आहे.

हा अधिकार त्याला कोणी दिला? ज्याने संसार केला नाही, कर्ज काढले नाही, कोणाच्या मातीला गेला नाही, त्याने पन्नाशीच्या माणसाला जगणे-मरणे समजावून सांगावे हे योग्य आहे काय? आणि दार उघडणाऱ्याने काय करावे? थाप मारणाऱ्याचे आणि दार उघडणाऱ्याचे परस्परांशी काही देणे लागते की नाही?

हे प्रश्न अमेरिकेतल्या एका पंथाचे आहेत, आपल्याला त्यांचे काय, असे कोणी म्हणेल. परंतु खोडद, नारायणगाव, मंचर, जुन्नर या पट्ट्यात राहणाऱ्या मुसलमानाला ते परके वाटण्याचे कारण नाही. आपल्या मशिदींत जमात येते. बिछाने पाठीवर घेतलेली दहाबारा माणसे, त्यात मिसरूड न फुटलेली पोरेही. असरनंतर ती गश्तला निघतात, एका रहबरच्या मागोमाग, नजर खाली ठेवून. दार वाजते. घरातला माणूस कधी बाहेर येतो, कधी आतूनच पोराकडून सांगतो, अब्बा घरी नाहीत. दाराच्या दोन्ही बाजू आपल्याला ठाऊक आहेत.

मॉर्मन पंथाच्या ज्या नियमाची आपल्याकडे सर्वात आधी पंचाईत होते, तो चहाचा आहे. १८३३ सालापासून त्यांच्याकडे आरोग्याचा जो धार्मिक दंडक आहे, त्यात दारू आणि तंबाखूबरोबर चहा-कॉफीही वर्ज्य मानली जाते. आता आपल्या गावांत चहा नाकारणे म्हणजे काय, हे सांगायला नको. पाहुण्याने चहा नाकारला की घरची बाई विचारते, आमच्या हातचा चालत नाही का? या प्रश्नामागे शेकडो वर्षांचा जातीचा इतिहास उभा असतो. तो मुलगा बिचारा युटाहून आलेला, त्याला हा इतिहास काय माहीत! तो आपल्या श्रद्धेला जागतो आणि ते घर दुखावले जाते. मुसलमान वाचकाला इथे हसू येईल आणि थोडी कणवही वाटेल. मित्राच्या लग्नात मटणाच्या पंगतीत ताट सरकवताना, जत्रेच्या दिवशी पुढे आलेल्या प्रसादाकडे पाहताना आपणही तिथेच उभे असतो. नाही म्हणायचे आहे, पण माणसाला नाही म्हणायचे नाही. हे कसे साधायचे ते कोणत्याही प्रशिक्षण केंद्रात शिकवून येत नाही. ते त्या गावात राहूनच यावे लागते.

हे मॉर्मन तरुण आपल्या पुण्याला नवे नाहीत. १८५२ साली ह्यू फिंडले नावाचा एक स्कॉटिश माणूस मुंबई बंदरात उतरला. वय तिशीच्या आसपास. त्याचा पंथ तेव्हा जेमतेम बावीस वर्षांचा होता. संस्थापक जोसेफ स्मिथ याला १८४४ साली जमावाने ठार मारले होते आणि त्याच्या अनुयायांनी अमेरिकेच्या पश्चिमेकडील वाळवंटात सॉल्ट लेक नावाचे शहर वसवायला नुकतीच सुरुवात केली होती. त्या काळी या प्रचारकांचा नियम असा की, थैली घेऊन निघायचे नाही. जिथे जाल तिथल्या माणसांच्या आसऱ्यावर राहायचे. म्हणजे आपल्या भाषेत फकिरी.

ही फकिरी हिंदुस्थानात फसली, आणि ती का फसली हे पाहण्यासारखे आहे. फिंडले गोरा होता. गोऱ्या माणसाने पायी हिंडणे, नोकराशिवाय राहणे, कोणाच्या तरी ओसरीवर जेवणे हे इंग्रजांच्या राज्यात इंग्रजांनाच खपण्यासारखे नव्हते. मुंबईच्या इंग्रजी वृत्तपत्रांनी आणि इतर मिशनऱ्यांनी त्याची टर उडवली. तो पुण्याला आला, तर लष्करी अधिकाऱ्यांनी छावणीत त्याला थारा दिला नाही. इथल्या लोकांना वाटे, हा साहेब आहे म्हणजे याच्यापाशी सत्ता असणार, नोकरी असणार. त्याच्यापाशी यातले काहीच नव्हते. पुण्यात त्याने मूठभर माणसांची एक मंडळी जमवली, त्यात बहुतेक युरोपीय आणि मिश्रवंशीय. तो मराठी शिकू लागला. मराठी लोकांसाठी त्याने एक पुस्तिका लिहिली. परंतु त्याच सुमारास सॉल्ट लेकहून बातमी आली की पंथाने बहुपत्नीत्वाची उघड घोषणा केली आहे, आणि जी काही दारे किलकिली झाली होती तीही बंद झाली. १८५६ पर्यंत त्या पंथाचे हिंदुस्थानातील काम जवळजवळ संपले. (बहुपत्नीत्व त्यांनी १८९० च्या जाहीरनाम्याने सोडले. आज त्यांच्या मिशनची केंद्रे बंगळूर आणि नवी दिल्लीला आहेत.)

फिंडलेची निष्फळ धडपड मला पुष्कळ यशस्वी मिशनऱ्यांपेक्षा स्वच्छ वाटते. त्याच्या निरोपाच्या मागे तोफ नव्हती, शाळा नव्हती, दुष्काळातला धान्याचा कोठार नव्हता. ऐकणाऱ्याला घाबरण्यासारखे किंवा लोभ धरण्यासारखे काही नव्हते. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली तिशीच्या वयात आले, चाळीस वर्षे राहिले, मराठी ओवी आत्मसात करून १६१६ मध्ये ‘क्रिस्तपुराण’ छापले. मराठीवर त्यांनी केलेले प्रेम खरे होते, यात शंका नाही. पण त्यांची गोड ओवी ज्या साष्टीत गायली जात होती, तिथली देवळे त्यांच्याच राजाच्या सैनिकांनी पाडली होती. इन्क्विझिशनचे न्यायालय गोव्यात १५६० पासून बसलेले होते. ऐकणाऱ्याला ‘नको’ म्हणण्याची सोय नसेल, तर सांगणाऱ्याच्या मनातल्या प्रेमाची किंमत कशी करायची?

आता दुसरी बाजू. अशा दोन वर्षांच्या प्रवासाबद्दल मॉर्मन लोक स्वतःच एक गोष्ट पुष्कळदा कबूल करतात. मिशनवर गेलेल्या मुलाने दुसऱ्या कोणाला पंथात आणले नाही तरी चालते. त्या दोन वर्षांत तो स्वतः पक्का होतो. आपल्या जमातवाल्यांचे म्हणणे वेगळे नाही. मौलाना मुहंमद इलियास यांनी १९२० च्या दशकात मेवातमध्ये हे काम सुरू केले, तेव्हापासून सांगितले जाते की, निघायचे ते स्वतःच्या इस्लाहसाठी. तीन दिवस, चाळीस दिवसांचा चिल्ला, चार महिने, हे सारे आधी जाणाऱ्याच्या सुधारणेसाठी आहे. फरक एवढा की जमात दुसऱ्या धर्माच्या दारात जात नाही, मुसलमानाच्याच दारात जाते.

ही कबुली प्रामाणिक आहे आणि म्हणूनच अडचणीची आहे. मी स्वतःच्या सुधारणेसाठी तुमचे दार वाजवत असेन, तर तुम्ही माझ्या लेखी कोण? तालमीतला मुद्गल? दुपारी विहिरीवरून दमून आलेला शेतकरी, नुकतीच दुकानाची फळी लावून जेवायला बसलेला माणूस, हे माझ्या तरबियतीचे साहित्य कसे होऊ शकतात? ज्याला आपण बोलावतो तो आपल्यासाठी साधन झाला की बोलावणे पोकळ होते. मला वाटते, दार न उघडणाऱ्या पुष्कळ माणसांना ही गोष्ट शब्दांत सांगता येत नसली तरी कळत असते. त्यांना निरोपाचा राग नसतो. आपण मोजले जात आहोत, याचा असतो.

याच्या उलट टोकाला आमच्या खोडदमध्ये एक उदाहरण उभेच आहे. जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून टाटा मूलभूत संशोधन संस्थेने ती १९९० च्या दशकात उभारली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, चौदा मधोमध जवळजवळ आणि बाकीच्या सोळा तीन दिशांना, सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. जगभरातून तरुण खगोलशास्त्रज्ञ तिथे येतात. तेही परक्या मुलखात उतरलेले, तेही भाकरी आणि ठेचा चाखून डोळ्यांत पाणी आणणारे. फेब्रुवारीच्या अखेरीस विज्ञान दिनाला दुर्बीण लोकांसाठी खुली होते आणि पंचक्रोशीतल्या शाळांची पोरे रांगा लावून ती पाहतात. या तबकड्या फक्त ऐकतात. आकाशात काही पाठवीत नाहीत. तिथून जवळच आर्वीला उपग्रह भू-केंद्र आहे. त्याचे काम बोलणे आणि ऐकणे दोन्ही. खोडदचे काम केवळ ऐकणे.

कोणी म्हणेल, धर्माच्या माणसाने असेच असावे. बोलू नये, ऐकावे. आमच्या सुशिक्षित मंडळींत हे मत लोकप्रिय आहे. प्रत्येकाने आपापला धर्म आपल्या घरात ठेवावा, दुसऱ्याला काही सांगायला जाऊच नये, म्हणजे भांडण मिटले. मला हे पटत नाही. तबकडीला ताऱ्याशेजारी राहायचे नसते. ताऱ्याच्या घरी मूल आजारी पडले तर तबकडीला धावत जायचे नसते. आणि नुसते ऐकणेही फुकट होत नाही. दुर्बिणीला शांतता हवी म्हणून आजूबाजूच्या गावांनी मोबाईलच्या मनोऱ्यांवरील आणि कारखान्यांवरील बंधने सोसली आहेत. पुणे-नाशिक रेल्वेचा या बाजूने जाणारा आखलेला मार्गही तिच्यामुळे बदलण्याची वेळ आली. एकाच्या ऐकण्याची किंमत दुसऱ्याला भरावी लागते.

शिवाय, शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणी दूषित आहे असे मला मनापासून वाटत असेल आणि मी सौजन्य म्हणून गप्प बसलो, तर ते सौजन्य कसले? माझी समजूत चुकीची असू शकेल. तपासून पाहण्याचा अधिकार त्याचा आहे. पण सांगायचेच नाही असे ठरवले, तर मी त्याला बरोबरीचा माणूस मानले नाही, असाच त्याचा अर्थ होईल. ज्या धर्माने माणसाला साक्ष द्यायला सांगितले आहे, त्याच्या अनुयायाला तोंड बंद ठेवणे हा मार्ग नाही. मग प्रश्न उरतो तो सांगण्याच्या अटींचा.

त्या अटी आपल्या इतिहासात एका तरुणाच्या गोष्टीत सापडतात. हजरत मुसअब बिन उमैर. मक्केच्या श्रीमंत घरातला देखणा मुलगा, उंची कपडे आणि अत्तराचा शौकीन. इस्लाम स्वीकारला म्हणून आईने त्याला कोंडले आणि शेवटी तोडले. इ. स. ६२१ मध्ये अकबाच्या पहिल्या करारानंतर पैगंबर साहेबांनी (स.) त्याला यसरिबला, म्हणजे आजच्या मदिनेला पाठवले. परके शहर, आपसांत लढून थकलेल्या टोळ्या, आणि हा एकटा तरुण, असअद बिन जुरारा यांच्या घरी पाहुणा म्हणून उतरलेला. टोळीचा एक सरदार उसैद बिन हुजैर भाला घेऊन त्याला हाकलायला आला. आमच्या भोळ्या लोकांना बिघडवायला आलास का, जीव प्यारा असेल तर चालता हो, असे तो म्हणाला. मुसअबने जे उत्तर दिले त्याचा आशय असा : बसा, ऐका, पटले तर स्वीकारा, नाही पटले तर आम्ही तुम्हाला नको असलेली गोष्ट थांबवू. उसैदने भाला जमिनीत रोवला आणि म्हणाला, हे न्यायाचे बोललास.

ही गोष्ट आपले वक्ते उसैदच्या इस्लाम स्वीकारापाशी आणून संपवतात. तिथे सुबहानल्लाह होते आणि बयान पुढे जाते. माझे लक्ष त्या आधीच्या वाक्याकडे जाते. उसैदने तो शब्द ऐकला तेव्हा त्याला अजून काहीच पटलेले नव्हते. निरोप काय आहे हेही माहीत नव्हते. न्याय त्याला दिसला तो एवढ्यातच, की समोरचा मुलगा थांबायला तयार आहे. थांबायची तयारी खरी होती काय, असे कोणी विचारील तर ताइफकडे पाहावे. तिथे पैगंबर साहेबांना (स.) नकार मिळाला, दगड खावे लागले, पायांतून रक्त वाहिले, आणि तरी त्यांनी त्या वस्तीचा नाश मागितला नाही. मदिना आणि ताइफ या दोन गोष्टी एकत्र सांगितल्या तरच त्या पुऱ्या होतात.

आणखी एक प्रसंग आहे. त्याच्याकडे तर आपण जवळजवळ पाहतच नाही. मक्केच्या बड्या सरदारांना समजावण्यात पैगंबर साहेब (स.) गुंतलेले असताना अब्दुल्लाह बिन उम्मे मकतूम हे अंध गृहस्थ काही विचारायला आले. त्या वेळी कपाळावर आठी पडली आणि त्याबद्दल कुरआनात सूरे अबस उतरली. प्रचारकाला यापेक्षा कडक ताकीद कोणती असू शकते? ज्याच्या येण्याने संख्या वाढेल, वजन वाढेल, त्याच्यामागे धावू नकोस. जो स्वतः चालत आला आहे त्याच्याकडे पाहा. मिशन कोणतेही असो, वर्षअखेर अहवाल लिहिणाऱ्या सगळ्यांनी ही सूरत समोर ठेवावी.

आता आपल्या काळाकडे. २०२० च्या मार्चमध्ये दिल्लीच्या निजामुद्दीन मरकजची बातमी पसरली आणि गावोगावच्या मशिदींत उतरलेले परदेशी जमातवाले एका रात्रीत रोगाचे दूत ठरले. आमच्या शेजारच्या तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात आयव्हरी कोस्ट, घाना, टांझानिया, बेनिन, इंडोनेशिया अशा देशांतून आलेल्या एकोणतीस जणांवर गुन्हे दाखल झाले. पर्यटन व्हिसावर येऊन धर्मप्रचार केला, साथीचे नियम मोडले, असे आरोप. त्यांना आसरा देणारे मशिदींचे विश्वस्तही आरोपी झाले. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने हे गुन्हे रद्द केले. या परदेशी लोकांना बळीचा बकरा केले गेले, असा स्पष्ट निष्कर्ष निकालपत्रात आला. पाहुण्यांचे स्वागत करण्याच्या या देशाच्या परंपरेचीही त्यात आठवण करून दिली गेली.

तो निकाल वाचून आपल्याला हायसे वाटले. वाटायलाच हवे होते. परंतु त्या निकालाचा आधार घेताना एक हिशेब आपल्याकडेही येतो. परक्या देशातून निरोप घेऊन आलेल्या माणसाला संशयाने पाहू नका, असे आपण शेजाऱ्याला सांगतो. मग बायबल किंवा मॉर्मनचा ग्रंथ हातात घेतलेली दोन पोरे आपल्या मोहल्ल्यात आली तर? आपली मुले फूस लावून नेतील, बायकांशी बोलतील, पैसे वाटतील, ही वाक्ये आपल्याही तोंडी तयार असतात. शब्दही तेच, जे आपल्याबद्दल दुसरे वापरतात.

संविधानाच्या पंचविसाव्या कलमाने धर्माचे आचरण करण्याबरोबर प्रचार करण्याचाही हक्क दिला आहे. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत या ‘प्रचार’ शब्दावर बरीच चर्चा झाली. त्याला विरोध करणाऱ्यांत बिहारचे तजम्मुल हुसेन हे मुसलमान सभासद होते, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? धर्म ही माणूस आणि त्याचा निर्माता यांच्यातली खासगी बाब आहे, ती घरात राहावी, अशी त्यांची भूमिका होती. सभेने ती मानली नाही. पुढे १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, प्रचार करण्याच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. अनेक राज्यांचे धर्मांतरविरोधी कायदे याच भूमीवर उभे आहेत.

कायद्याचा कीस पाडण्याची ही जागा नाही. पण एक गोष्ट खटकते. या सगळ्या वादात सांगणारा दिसतो, सरकार दिसते, समाज दिसतो. ऐकणारा मात्र कोठेच दिसत नाही. तो कोणीतरी भोळा, गरीब, फसणारा असे गृहीत धरले जाते. उसैदही ‘आमचे भोळे लोक’च म्हणाला होता. द्राक्षाच्या बागेत विरळणी करणारी बाई किंवा नारायणगावच्या टोमॅटो बाजारात क्रेट उचलणारा हमाल यांना स्वतःचे मन आहे, ते ऐकतील, विचार करतील, आणि हो किंवा नाही म्हणतील, ही शक्यता दोन्ही बाजूंच्या हिशेबात नसते. बळजबरी आणि आमिष यांना शिक्षा व्हावी, याबद्दल दुमत नाही. पण आमिषाच्या नावाखाली माणसाचे मनच पहाऱ्यात ठेवायचे, तर त्यात सर्वात आधी त्याचाच अपमान होतो.

टवाळीचाही प्रश्न आहे. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतले लेखक जोसेफ स्मिथला ‘अमेरिकन महंमद’ म्हणत. दोघांची निंदा एकाच शब्दात करण्याची ती सोय होती. मक्केला वेषांतर करून गेलेला, मुंबई सैन्यात नोकरी केलेला रिचर्ड बर्टन १८६० मध्ये मुद्दाम सॉल्ट लेक पाहायला गेला आणि त्यावर त्याने जाडजूड पुस्तक लिहिले, त्यामागेही हे कुतूहल होते. आपल्या श्रद्धेप्रमाणे नबुव्वत पूर्ण झालेली आहे. स्मिथला मिळालेल्या सोन्याच्या पत्र्यांवर आपला विश्वास बसणे शक्य नाही. पण ‘नाही’ म्हणताना हसण्याची गरज नसते. आपल्या प्रिय पैगंबरांचे नाव शिवीसारखे वापरले गेले तेव्हा काय वाटते, हे ज्याला माहीत आहे त्याने तरी हसू नये.

आणि जुन्नरच्या मुसलमानाने तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. १४७० च्या सुमारास, बहामनी राज्यात महमूद गवानचा कारभार असताना, अफानासी निकितीन नावाचा एक रशियन व्यापारी चौलला उतरून घाट चढून जुन्नरला आला. त्याने सोबत एक घोडा आणला होता, विकण्यासाठी. पावसाळा सुरू झाला आणि तो इथेच अडकला. गोरा माणूस पाहायला लोक मागे मागे फिरत. तो स्वतःला ख्वाजा यूसुफ खुरासानी म्हणवून घेई. जुन्नरचा सुभेदार असद खान याला कळले की हा मुसलमान नाही, तेव्हा त्याने घोडा काढून घेतला आणि निरोप दिला : आमच्या दीनमध्ये आलास तर घोडा परत आणि वर एक हजार सोन्याची नाणी, नाही आलास तर घोडा गेलाच, शिवाय हजार नाणी तुझ्याकडून वसूल. मुदत चार दिवस.

आमिष आणि बळजबरी, दोन्ही एकाच वाक्यात. आणि ते या तालुक्यात घडले, आपल्या माणसाकडून. सूरे बकरामधील, दीनमध्ये जबरदस्तीला जागा नाही असे सांगणारी आयत आपण प्रत्येक व्यासपीठावरून ऐकवतो. ती असद खानालाही पाठ असावी. निकितीनला सोडवले तेही एका मुसलमानानेच. खुरासानहून आलेला ख्वाजा मुहंमद तेव्हा जुन्नरला पोचला होता. निकितीन त्याच्याकडे रडत गेला. ख्वाजा घोड्यावर बसून खानाकडे गेला, त्याने रदबदली केली, धर्म बदलण्याची अट मागे घ्यायला लावली आणि घोडाही परत आणला. त्या ख्वाजाने निकितीनला इस्लामबद्दल काही सांगितले असल्याची नोंद नाही. मला तो या सगळ्या कथेतला सर्वात मोठा दाई वाटतो. कोणाला हे मत आवडणार नाही, पण आहे ते आहे.

पुढे निकितीन बीदरला गेला. तिथे त्याची हिंदू लोकांशी ओळख झाली. आपण मुसलमान नाही, ख्रिस्ती आहोत, खरे नाव अफानासी, हे त्याने त्यांना सांगून टाकले. त्यानंतर त्या लोकांनी त्याच्यापासून जेवणखाण, व्यापार, पूजा, काहीच लपवले नाही, असे तो लिहितो. परक्या शहरात स्थिरावण्याची हीच सुरुवात म्हणायची. कोण आहोत ते सांगितले, आणि बदल्यात ते कोण आहेत ते पाहायला मिळाले.

त्याची धार्मिक पुस्तके वाटेतच लुटारूंनी नेली होती. सणावारांचा हिशेब चुकला. ईस्टर कधी आला आणि गेला कळेना, म्हणून मुसलमानांच्या रमजानमध्ये त्यांच्याबरोबर त्याने उपवास धरले. आपला धर्म गमावला की काय, या भीतीने तो वहीत पुन्हा पुन्हा रडतो. परतीच्या वाटेवर घरी पोचण्याआधी स्मोलेन्स्कजवळ तो वारला. वह्या मात्र मॉस्कोला पोचल्या. त्यांचे शेवटचे पान रशियनमध्ये नाही. अरबी-तुर्की मिश्र बोलीतली दुआ आहे, अल्लाहच्या नावांनी भरलेली. ती लिहिणारा ख्रिस्ती राहिला होता की मुसलमान झाला होता, यावर विद्वान अजून वाद घालतात. जुन्नरच्या खानाला चार दिवसांत हवा होता तो जबाब इथे कोणी मागितलेला नव्हता.

तो घोडा त्याने वर्षभर चारापाणी करून बीदरला विकला.